त्रेचाळीस रुपयांचा शेअर

१४ जुलै १९८५, रविवार. समुद्रपूर

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी अक्षर नीट काढतो आहे, पुढचं कुणी सांगावं.

शालूकडून आखाडीचं तळण आलं. शालू ही माझ्या बायकोची, मंदाची, धाकटी बहीण. तिचा नवरा वासुदेवराव, म्हणजे माझा साडू. गावातच राहतो, हे माझं दुर्दैव. सातवी नापास. दोन एकरांत वांगी-टमाटर लावतो आणि आता वेणातीर नागरी सहकारी बँकेचा उपाध्यक्ष झाला आहे. फिरत्या खुर्चीत बसतो. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत गेलो, वीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर आहे, आणि मला अजून घडीची लोखंडी खुर्ची. मला या माणसाचा राग येतो. का येतो ते लिहायला ही वही पुरणार नाही.

गुलगुले चिवट होते. नऊ खाल्ले. पण ते बँकेच्या गेल्या सालच्या छापील अहवालात गुंडाळून आले होते. उपाध्यक्षाच्या घरी बँकेच्या अहवालाची ही किंमत. तेल लागलेला ताळेबंद दोनदा वाचला. दुपारची झोप उडाली.

१५ जुलै, पहाटे ५.१०

संकल्प. रोज पाचला उठणे. तासभर फायनान्सचा अभ्यास. चहा एकच. वासुदेवरावांचा विचार न करणे.

१५ जुलै, सकाळी ९.४०

पुन्हा डोळा लागला. मागच्या दारी मंदा आणि शेजारच्या आनंदाबाई हळद कांडत होत्या. मंदाचं माहेर वायगाव. तिचा भाऊ दरवर्षी हळकुंडं पाठवतो, ती कांडून विकते. मुसळाच्या त्या आवाजात अभ्यास कसा व्हायचा?

चहा तीन. वासुदेवरावांचा विचार केला.

२१ जुलै, रविवार

अभ्यास पूर्ण. नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर चार रुपयांत घेतलेलं इंग्रजी पुस्तक शेवटी कामी आलं. पहिली चाळीस पानं नाहीत, पण पहिल्या पानांत प्रस्तावनाच असते. मुद्दा एवढाच, की शेअरचा भाव पाहू नका, बुडाला काय आहे ते पाहा. याला फंडामेंटल ॲनालिसिस म्हणतात. या तालुक्यात हा शब्द माहीत असलेला मी एकटा.

बँकेचं भागभांडवल दोन लाख. दहा रुपयांचा एक, असे वीस हजार शेअर. राखीव निधी वगैरे सहा लाख साठ हजार. बेरीज आठ लाख साठ हजार, भागिले वीस हजार. एका शेअरची बुक व्हॅल्यू त्रेचाळीस रुपये! नफा चौसष्ट हजार, म्हणजे शेअरमागे तीन रुपये वीस पैसे. आणि बँक हा शेअर काउंटरवर दहा रुपयांना देते. वांगी विकणाऱ्यांच्या हाती बँक दिली की असंच होणार. त्यांना स्वतःच्या मालाची किंमत माहीत नाही.

अहवालाच्या शेवटच्या पानावर 'सभासदांसाठी सूचना' असं बारीक टायपात काहीतरी आहे. तिथे तेल जास्त लागलं आहे. वाचायची गरज वाटली नाही.

मंदाला आकडे दाखवले. ती म्हणाली, "मंग थे लोक दहाले काऊन देऊन राह्यले?" बाईमाणसाला अर्थशास्त्र समजावत बसलो नाही.

२४ जुलै, बुधवार

बँकेत गेलो. काउंटरवर श्रावण नावाचा कारकून. त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, शेअरचा भाव पुढेमागे किती जाईल? तो म्हणाला, "भाव कायचा ग्रेडरसाहेब? दहाचा शेअर दहालेच भेटते, अन् वापस केला तं दहाच भेटते. सहकारी बँक आहे हे."

मी हसलो. तो नाही हसला. एकतर हा अडाणी आहे, किंवा वरून त्याला असं बोलायला सांगितलं आहे. आपल्याच माणसांना स्वस्तात मिळावेत म्हणून खरी किंमत दाबून ठेवायची. दुसरी शक्यता जास्त. वासुदेवराव काचेच्या केबिनमध्ये होते. मला पाहून खुर्ची फिरवली.

२८ जुलै, रविवार

आज थकबाकीची तपासणी. पुस्तक म्हणतं, बँकेची कर्जं कुणाकडे आहेत ते पाहा. एस.टी. स्टँडवरच्या तानबाच्या हॉटेलाला बँकेचं कर्ज आहे, हे गावाला माहीत आहे. तिथे तीन तास बसून गिऱ्हाइकी मोजली. चहा एकशे बारा, आलूबोंडा एकतीस प्लेटी. त्यातून माझे सात चहा आणि चार प्लेटी वजा. तानबाचा धंदा बरा आहे असं लिहून ठेवलं. पोट बरं नाही.

तानबा दोनदा येऊन गेला. काही पाह्यजे का, कोणाची वाट पाहून राह्यले का. चेहरा आंबट. गेल्या हंगामात त्याच्या शेतातल्या कापसाला मी खालचा दर्जा दिला, ते अजून मनात आहे. तो म्हणत होता गाडी उघडा, आतला माल पाहा. मी कुणाची गाडी उघडत नाही. बैल, गाडीवान आणि वरचा मूठभर कापूस पाहिला की बाहेरूनच दर्जा सांगतो. वीस वर्षांत एकही चूक झाली नाही. निदान मी कबूल केलेली नाही.

४ ऑगस्ट, रविवार. वायगाव

अधिक महिना. सासूबाई मनकर्णाबाईंनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. आमच्या दोघांचे पाट शेजारी. मला वाटलं होतं मॅनेजमेंट क्वालिटी तपासायला ही चांगली संधी आहे.

निरीक्षणं. वासुदेवराव पुरणपोळीवर तूप मागून घेतात, म्हणजे खर्चावर ताबा नाही. जेवताना राजकारण बोलतात, म्हणजे लक्ष धंद्यात नाही. मी विचारलं, ठेवी किती झाल्या? ते म्हणाले, "साडभाऊ, आज जावई म्हणून आलो न, बँक तिकडं राहू द्या." म्हणजे माहिती लपवतात. मॅनेजमेंटला दहापैकी शून्य.

वाणात अनारसे तेहतीस द्यायचे असतात. घरी येऊन मोजले. बत्तीस निघाले. त्यांचे किती होते ते शालूला विचारायला मंदाला सांगितलं. मंदानं विचारलं नाही.

७ ऑगस्ट

आता सगळं स्पष्ट आहे. बँक उत्तम, मॅनेजमेंट शून्य. पुस्तकातसुद्धा हेच लिहिलं आहे, की असा शेअर घ्या आणि मॅनेजमेंट बदला. भरपूर शेअर घ्यायचे. वार्षिक सभेत संचालकांची निवडणूक असते. ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त. वासुदेवराव खुर्चीतून खाली. फिरत्या खुर्चीचं मी काय करणार हे अजून ठरवलं नाही. पण बसून पाहीन.

९ ऑगस्ट, शुक्रवार

पैशाची सोय झाली. मंदाकडे साडेचार हजार आहेत. सहा वर्षं हळद विकून साठवले. वर्ध्याच्या एका व्यापाऱ्याकडे हळद-तिखट दळायची जुनी चक्की आहे, मोटरसकट पाच हजार. ती दसऱ्यापर्यंत ठेवतो असं तो मंदाला म्हणाला आहे. म्हणून ती रोज हळकुंडं मोजते, रोज हिशेब करते. घरात दुसरा विषय नाही.

मी तिला शांतपणे समजावलं. साडेचारशे शेअर, त्रेचाळीसनं एकोणीस हजार तीनशे पन्नास. दसऱ्याला एक नाही, तीन चक्क्या घे. तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "दसऱ्याले माही चक्की आली पाह्यजे. बाकी तुमाले काय कराचं थे करा." हा होकारच.

शेअर तिच्या नावानं घ्यायचे. माझं नाव रजिस्टरात दिसलं की वासुदेवराव सावध होतील. बाईच्या नावाकडे कोण पाहतो? नाव तिचं, डोकं माझं.

अर्जावर सही करायला सांगितली. खाली उजवीकडे, वाचायची गरज नाही. तरी तिनं अख्खा अर्ज वाचला, ओठ हलवत. वीस मिनिटं गेली. यांना कागदाची सवय नसते.

१२ ऑगस्ट, सोमवार

खरेदी झाली. गुप्तता मात्र थोडी बिघडली. मंदा पैसे हळदीच्या डब्यात ठेवते हे लक्षात आलं नव्हतं. एकेक नोट पिवळीजर्द. रात्रभर अंगणातल्या दोरीवर वाळत घातल्या, सकाळी फडक्यानं पुसल्या, फडकं पिवळं झालं, नोटा तशाच. श्रावणनं मोजल्या, बोटं पिवळी झाली. त्यानं नोट नाकाला लावली आणि म्हणाला, "वायगावची आहे न साहेब? मंदावहिनीची?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाच्या पैशाचा वास घेणं बँकेच्या नियमात बसतं का? तो आत जाऊन कुणाला तरी काहीतरी सांगून आला. आत हसले.

हसू द्या. साडेचारशे शेअर घेतले आहेत.

१६ ऑगस्ट. भाव विचारला. दहा.

१९ ऑगस्ट. दहा.

२३ ऑगस्ट. दहा. श्रावण आता मी दारात दिसलो की बोटं दाखवतो. दोन्ही हातांची.

२६ ऑगस्ट

पुस्तक म्हणतं, संयम ठेवा, बाजाराला उशिरा कळतं. संकल्प: महिनाभर बँकेत न जाणे.

२७ ऑगस्ट. दहा. त्या बाजूला काम होतं.

२२ सप्टेंबर, रविवार

बाजाराला कळत नसेल तर आपण सांगावं लागतं. आज तानबाला हॉटेलात गाठलं. म्हटलं, खरी किंमत त्रेचाळीस आहे, तुला म्हणून अडतीसला देतो. तानबानं कढईतून झारा काढला नाही. म्हणाला, "साहेब, हे समोर बँक दिसून राह्यली न? थेथ दहाले देते. मी तुमाले अडतीस काऊन देऊ?" मी बुक व्हॅल्यू समजावली. राखीव निधी समजावला. तो म्हणाला, राखीव निधी कोणाले घरी नेता येते का? त्यावर दोन गिऱ्हाइकं हसली. ज्यांना आलूबोंड्यापलीकडे जग नाही, त्यांच्याशी बोलून काही मिळत नाही.

हॉटेलाच्या पायऱ्या उतरताना चौतीस म्हणालो. मग तीस.

घरी येऊन श्रावणचं बोलणं आठवलं. वापस केला तर दहाच. उद्या जाऊन विचारीन. फक्त माहितीसाठी.

२३ सप्टेंबर

वापस करायचे तर मंदानं अर्ज करायचा, तो संचालक मंडळापुढे जाणार, पैसे पुढच्या सालच्या हिशेबानंतर. रुपये साडेचार हजार. श्रावण हे सगळं गोड आवाजात सांगत होता. मला त्याच्या दाताखाली खडा यावा असं वाटलं.

मी मुळात विकणारा नाहीच. पुस्तकातली मोठी माणसं विकत नाहीत.

१४ ऑक्टोबर, सोमवार

वार्षिक सभेची नोटीस आली. सत्तावीस तारीख, शाळेचं सभागृह, निवडणूक सभेतच. पाकिटावर नाव 'सौ. मंदाबाई मनोहरराव भोयर'. माझं नाव मधे, अडकल्यासारखं. पाकीट मीच फोडलं.

आता बाजी माझ्या हातात आहे. गावातल्या माणसाकडे एक शेअर, दोन शेअर. आपल्याकडे साडेचारशे. भाषण लिहायला घेतलं. पहिलं वाक्य: "बंधूंनो, वांगं आणि बँक यांत फरक असतो." टाळ्यांसाठी जागा सोडली आहे.

२२ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

वर्ध्याच्या व्यापाऱ्याचा निरोप आला. चक्की हिंगणघाटच्या माणसानं नेली. दसऱ्यापर्यंत ठेवली होती, आता त्याचा दोष नाही, असं तो म्हणतो.

मंदानं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ओरडेल, मी उत्तरं तयार ठेवली होती. तिनं सणाचा स्वैपाक केला, मला वाढलं, आणि दुपारी उखळाशी जाऊन बसली. मुसळ धरायला उजव्या हाताला चिंधी बांधली होती. फोड फुटले आहेत. हळद त्यात जात असणार. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. मग लक्षात आलं की हे सगळं वासुदेवरावांमुळे.

संध्याकाळी सोनं द्यायला तेच आले. उंबरठ्याबाहेरूनच परत पाठवणार होतो, पण मंदानं चहा टाकला. दोघं स्वैपाकघराच्या दाराशी बराच वेळ बोलत होते. काय ते मी विचारलं नाही. माझं भाषण पाठ करायचं चाललं होतं.

२६ ऑक्टोबर, रात्री

भाषण पाठ. धोतर की पँट? पँट.

श्रावण बाजारात भेटला. म्हणाला, "साहेब, एक सांगतो, मंग म्हणसान सांगतलं नाई. एक शेअर असो का हजार, सभासदाले मत एकच." मी त्याला विचारलं, हे कुठे लिहिलं आहे? तो म्हणाला, अहवालाच्या शेवटच्या पानावर.

अहवाल शोधला. तेल वाळलं आहे, अक्षरं दिसतात. कलम चौथं.

तरी हरकत नाही. मत एक, पण भाषण माझं. माणसं भाषणानं फिरतात.

२७ ऑक्टोबर, रविवार, दुपारी ४

शाळेच्या पायऱ्यांवर बसून लिहितो आहे.

मला आत सोडलं नाही.

मंदा पुढे, मी फाइल घेऊन मागे. दारात श्रावण रजिस्टर घेऊन. मंदाची सही घेतली, तिला अहवालाची कोरी प्रत दिली, आणि माझ्यापुढे हात आडवा. "साहेब, तुमी सभासद नाई." मी म्हटलं, शेअर माझ्या डोक्यानं घेतले आहेत. तो म्हणाला, रजिस्टरात डोक्याचा रकाना नाई. मी मंदाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि आत गेली.

मागून तानबा आला. सही केली. मग थांबून मला म्हणाला, "साहेब, तुमी तं गाडी न उघडता बाहेरूनच दर्जा लावता न? मंग पाहा बाहेरूनच." रांगेतले सगळे हसले. कापूसवाले होते बरेच. कुणाकुणाला मी काय दर्जा दिला होता, ते मला एकेकाच्या तोंडावर दिसत होतं.

खिडकीतून ऐकू येत होतं ते लिहितो. निवडणूक बिनविरोध झाली. वासुदेवराव परत उपाध्यक्ष. टाळ्या. मग 'कोणाले काही विचाराचं?' असं झालं आणि मंदाचा आवाज आला. मंदाचा! ती उभी राहून म्हणाली, "मी सभासद आहो. माहे साडेचारशे शेअर आहेत. मले हळदीच्या चक्कीसाठी कर्ज भेटन का?" वासुदेवराव म्हणाले, शेअरच्या दहापट पावेतो भेटते, तुमचा हक्क आहे बाई, सोमवारच्या मंडळात अर्ज द्या. परत टाळ्या. मी भाषणात सोडलेल्या जागेपेक्षा जास्त वेळ चालल्या.

५.१५

मंदा बाहेर आली. सभासदांना एकेक स्टीलचा डबा आणि चिवडा-पेढ्याचं पाकीट दिलं. डबा माझ्या हातात दिला आणि आनंदाबाईंशी बोलत पुढे चालायला लागली. दसऱ्यालाच हे दाराशी ठरलं होतं, असं आता कळलं. शाळेपासून घरापर्यंत एकानंही मला नमस्कार केला नाही. पेढा बरा होता.

४ नोव्हेंबर, सोमवार

आज शांतपणे विचार केला. मंदाला कर्ज मिळतं आहे ते शेअर होते म्हणून. शेअर घेतले ते माझ्या ॲनालिसिसमुळे. नवी कोरी चक्की येणार, मोटरसकट नऊ हजारांची. म्हणजे मूळ अंदाज बरोबर होता, फक्त वाट वेगळी निघाली. हे मंदाला सांगितलं. ती हळकुंडं मोजत होती. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, म्हणाली.

दुपारी ती मला बँकेत घेऊन गेली. कर्जाला जामीनदार लागतो. जामीनदार नवरा चालतो, पण तो सभासद पाहिजे. श्रावणनं अर्ज पुढे सरकवला. किती शेअर घ्यायचे, विचारलं. मी मंदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "एकच द्या."

दर दहा. खरी किंमत त्रेचाळीस. म्हणजे तेहतीस रुपये मी आज बसल्या जागी कमावले. प्रवेश फी एक रुपया. अकरा रुपये माझ्या खिशात नव्हते, मंदानं दिले. श्रावणनं नोटा मोजून फडक्याला बोटं पुसली.

वासुदेवराव केबिनमधून बाहेर आले, म्हणाले, "या साडभाऊ, बसा," आणि स्वतःची खुर्ची दिली. बसलो. ती फिरते, पण करकरते.

मग मंदानं जामिनाचा कागद माझ्यापुढे धरला. चार पानं, बारीक टाइप. बोट ठेवून म्हणाली, "येथ, खाली उजवीकडं. वाचाची गरज नाई."

तरी मी वाचणारच होतो. चष्मा घरी राहिला होता. सही केली.